परसातल्या बंबापासून न्हाणीघरापर्यंत: जमिनीखालून गरम पाण्याची लाईन कशी टाकावी

लाकडावर चालणारा मोठा बंब घराबाहेर पडवीत किंवा शेडमध्ये ठेवायचा आणि गरम पाणी नळाने खोल्यांपर्यंत न्यायचं, ही सोय कोकणातल्या होमस्टेवाल्यांना चांगलीच पटली आहे. धूर-राख घरात येत नाही, अकेशियाची छाट, सोडणं, करवंट्या कामी लागतात, आणि वीज गेली तरी पाणी तापतं. पण आषाढात पाहुण्यांची तक्रार ठरलेली: पाणी कोमट येतं. मग बंबाला दोष देऊन मोठा बंब आणला जातो, तरी पाणी कोमटच. कारण उष्णता बंबात नव्हे, मधल्या वीस मीटरमध्ये जाते.

घराबाहेरच्या लाकडी भट्टीचा हा प्रकार उत्तर अमेरिकेत फार चालतो. तिथे जमीन गोठते, म्हणून नळ गोठणरेषेच्या खाली पुरतात. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, जमिनीचं तापमान २७ अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे ‘इथे कसलं इन्सुलेशन’ असं मिस्त्री सांगतो आणि साधा नळ जांभ्याच्या चरात टाकून मोकळा होतो. तिथेच चुकतं. कोकणात उष्णता थंडी नेत नाही, पाणी नेतं. चांगल्या नायट्रील फोमची (काळा रबरी फोम) उष्णतावाहकता, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज जाते त्याचं माप, ०.०३५ ते ०.०४ असते आणि पाण्याची ०.६, म्हणजे पंधरापट. फोम आणि नळ यांच्यामध्ये पाणी शिरलं की फोम असून नसल्यासारखा.

थोडा हिशेब करून घेऊ, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. बाहेरून २० मिमीचा नळ, आत ६५ अंशांचं पाणी, भोवती २७ अंशांची ओली माती. नळ उघडा पुरला तर दर मीटरला ७५ ते ८० वॉट जातात. त्यावर २५ मिमी जाडीचा कोरडा फोम असेल तर ७ वॉट. वीस मीटरला हे अनुक्रमे दीड हजार आणि दीडशे वॉट झाले. आता जाणारी आणि परत येणारी अशा दोन लाईनी टाकून पंप दिवसरात्र फिरवत ठेवला, तर उघड्या नळातून दिवसाला सत्तरच्या आसपास युनिट उष्णता जमिनीत जाते. वाळलेलं लाकूड किलोला साधारण ४ युनिट देतं आणि साध्या बंबात त्यातलं निम्मंच पाण्याला लागतं. म्हणजे रोज ३० किलोच्या पुढे लाकूड नुसती जमीन तापवायला. शंभर लिटर पाणी २७ वरून ६५ अंशांवर न्यायला लागतात साडेचार युनिट, म्हणजे सव्वादोन किलो लाकूड. ओलं लाकूड घातलंत तर हे आकडे दुप्पट धरा.

आधी अंतर कमी करा

जमिनीखालून लाईन नेणं हा शेवटचा पर्याय समजावा. बंब न्हाणीघराच्या भिंतीपासून आठ-दहा मीटरवर बसत असेल तर तिथेच बसवा आणि नळ जोत्याच्या कडेने, भिंतीला क्लिपा मारून न्या. वर ऊन लागतं म्हणून फोमवर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा पीव्हीसीचं आवरण हवं, नाहीतर दोन उन्हाळ्यांत फोम तडकतो. सड्यावर, जिथे वीतभर खाली कातळ लागतो, तिथे तर ब्रेकर लावून चर खोदण्यापेक्षा गडग्याच्या आडोशाने वरून गेलेलं कधीही बरं.

जागा निवडताना वाऱ्याचाही विचार करा. हिवाळ्यात पहाटे बंब पेटतो तेव्हा मतलई वारा पूर्वेकडून समुद्राकडे वाहतो, पावसाळ्यात वारा नैऋत्येचा. घराच्या वायव्येला बंब ठेवला तर दोन्ही ऋतूंत धूर खोल्यांवर येत नाही.

कोणता नळ

साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, ६० अंशांच्या पुढे तो मऊ पडतो. सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा पीव्हीसी) ९३ अंशांपर्यंत चालतो, पण तो लांबट तुकड्यांत येतो, म्हणजे जमिनीखाली सांधे आले. शिवाय ४० अंशांच्या फरकाला दहा मीटरमध्ये तो सुमारे २५ मिमी लांबतो, पीपीआर (हाही गरम पाण्याचाच प्लास्टिक नळ) तर ६० मिमी. घट्ट दाबलेल्या चरात ही लांबी कुठे जाणार? सांध्यावर आणि कोपऱ्यावर. जमिनीखालच्या लाईनीला आमची पसंती मधे ॲल्युमिनियमचा थर असलेल्या कॉम्पोझिट नळाला आहे. तो गुंडाळीत येतो, सांधा एकही लागत नाही, आणि दहा मीटरला जेमतेम १० मिमी वाढतो. दुकानात ‘१६२०’ मागायचा: आतून १६, बाहेरून २० मिमी.

मोठा नळ म्हणजे चांगला, हा समज इथे महागात पडतो. १६२० मध्ये मीटरला ०.२ लिटर पाणी मावतं, वीस मीटरला ४ लिटर. मिनिटाला ५ लिटरच्या धारेला गरम पाणी पन्नास सेकंदांत पोचतं. एक इंची सीपीव्हीसी टाकलात तर तेवढ्याच अंतरात साडेआठ लिटर थंड पाणी आधी वाहून जाणार. एका न्हाणीघराला १६२० पुरतो, दोन-तीन न्हाणीघरांना ‘२०२५’ (आतून २०, बाहेरून २५ मिमी) घ्या. गच्चीवरची टाकी नळापेक्षा चारेक मीटर उंच असली की दाबाची अडचण येत नाही.

बंबातून निघतानाचा पहिला दीड मीटर मात्र धातूचाच हवा. विस्तव भडकला आणि कोणी नळ उघडला नाही तर पाणी शंभरला उकळतं, आणि ते कुठल्याच प्लास्टिकला मानवत नाही. बंबाच्या माथ्यावरून निघणारा वाफेचा नळ टाकीच्या पाणपातळीच्या वर नेऊन उघडा सोडायचा. त्यावर कॉक बसवायचा नाही, कधीही नाही. सगळी तोंडं बंद असलेला लाकडी बंब फुटतो, आणि फुटतो तेव्हा शेजारी कोणीतरी उभं असतं.

खाडीकाठी विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची टाकीही ठिपक्या-ठिपक्यांनी गळायला लागते. तिथे ३१६ घ्यावं.

सामान

वीस मीटरच्या, एका न्हाणीघराच्या लाईनीला लागणारं सामान: १६२० नळ २३ मीटर अखंड, २० मिमी भोकाच्या, २५ मिमी जाडीच्या काळ्या नायट्रील नळ्या दोन मीटरच्या ११, त्यांचाच गोंद आणि टेप, बाहेरच्या कवचासाठी (फोम चढवलेला नळ याच्या आतून जातो) ११० मिमी पीव्हीसी नळ सहा मीटरचे चार, ४५ अंशांचे बेंड चार, एक टी, टोपण, सॉल्व्हंट, २५ मीटर नायलॉन दोरी. पांढरा ईपीई फोम स्वस्त मिळतो, पण बंबाजवळच्या गरमीत तो मऊ पडून दबतो. ग्लासवूल जमिनीखाली नकोच, स्पंजासारखं पाणी धरतं. पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) भरलेला तयार नळ मिळत असेल आणि परवडत असेल तर उत्तमच; त्याच्या दोन्ही टोकांना फोम उघडा राहू देऊ नये एवढंच.

परतीची लाईन घालणार असाल तर तिला वेगळं कवच. दोन्ही नळ एका फोममध्ये बांधले की जाणारं पाणी येणाऱ्याला तापवत बसतं. थंड पाण्याचा नळ तर त्या चरातसुद्धा हातभर लांब ठेवा. पण वीस मीटरच्या आत परतीची लाईन आणि पंप लागतच नाही असं आमचं मत आहे. कोरड्या फोममधलं ६५ अंशांचं पाणी ४० वर यायला सव्वा तासाच्या वर लागतो, त्यामुळे सकाळी पहिला पाहुणा थंड पाणी सोडून देतो आणि बाकीच्यांना लगेच गरम मिळतं. उघड्या नळात तेच पाणी दहा मिनिटांच्या आत थंड होतं. त्याहून लांब असेल तर पंपाला टायमर लावा, सकाळचे तीन तास पुरे.

चर आणि कवच

काम दसऱ्यानंतर काढा. माती अजून मऊ असते आणि चरातलं पाणी उतरलेलं असतं. खोली दीड फूट, गाडी जाते तिथे दोन फूट. नारळापासून पाच फूट लांब राहा. तळाला तीन इंच बारीक वाळू, कारण जांभ्याचा टोकदार खडा कवचाला कालांतराने चीर पाडतो. वाळू नदीची घ्या. किनाऱ्याची खारी वाळू बंबाकडच्या लोखंडी नळाला खाते.

कवचाला एका बाजूला शंभरात एक असा उतार द्या, वीस मीटरला वीस सेंटीमीटर. मध्ये कुठे उंटासारखी पाठ येऊ देऊ नका, तिथे आतल्या नळात हवा अडकून धार तुटक येते. वळण घेताना ९० अंशांचा एक एल्बो नको, ४५ चे दोन बेंड घ्या. त्यातून फोमसकट नळ ओढता येतो. सर्वांत खोल जागी टी टाकून उभा नळ जमिनीवर आणा आणि त्याला घट्ट टोपण लावा. पुढे हाच तुमचा डॉक्टर.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी, जी हमखास टाळली जाते. आतला नळ घालण्याआधी कवच पाण्याने भरा, वरच्या तोंडाशी पातळीची खूण करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल तर सांधा गळतो आहे. आतून बाहेर गळणारा सांधा पावसाळ्यात बाहेरून आत गळणारच. कवच दुरुस्त करा, पाणी उपसा, दोरीला फडकं बांधून दोन-चार वेळा ओढा आणि दोन दिवस वाळू द्या.

फोमच्या नळ्या उभ्या चिरू नका. नळ सरळ करून एकेक नळी टोकाकडून सरकवत घाला, तोंडाला तोंड गोंदाने चिकटवा, दहा मिनिटांनी टेप मारा. तोंडं ओढून नव्हे, थोडी दाबून जोडायची. फोम पुढे आखडतो आणि ओढलेला सांधा उघडतो. मग दोरीला बांधून कवचातून ओढा, एकाने मागून सरकवत राहायचं.

कवचाची दोन्ही तोंडं जमिनीपासून वीतभर वर हवीत आणि पागोळीपासून दूर. पडवीच्या पागोळीखाली तोंड आलं तर पहिल्याच मोठ्या पावसात कवच भरतं. तोंड रबरी बूट (नळावर घट्ट बसणारी रबरी टोपी) आणि सिलिकॉनने बंद करा. नुसता फोम कोंबून चालत नाही, घूस तो ओढून काढते आणि आत घर करते.

चर भरेपर्यंत अवकाळी पाऊस आला तर रिकामं कवच तरंगून वर येतं. मीटरला नऊ लिटर पाणी बाजूला सारतं ते. म्हणून त्याच दिवशी निदान मधे मधे माती टाकून दाबा. कवचावर सहा इंच वाळू, मग माती. आणि उताराच्या आवारात एक गोष्ट विसरू नका: वाळूने भरलेला चर म्हणजे पावसाळ्यातला पऱ्या, ओढाच. वरच्या आगरातलं सगळं पाणी त्यातून वाहत येऊन तुमच्या जोत्याला भिडतं. दर पाच मीटरवर चरात आडवा चिकण मातीचा फूटभर जाड बांध ठोकून घ्या, आणि वरच्या अंगाला पाणी वळवायला एक उघडा चर काढा.

मोजून पाहा

दोन थर्मामीटर पुरतात. न्हाणीघरातला नळ दहा मिनिटं चालू ठेवा, बादलीने मिनिटाला किती लिटर येतं ते मोजा, आणि बंबाकडचं व न्हाणीकडचं तापमान एकाच वेळी वाचा. लिटर गुणिले अंशांचा फरक गुणिले ७०, एवढे वॉट वाटेत जातात. ५ लिटरच्या धारेला अर्ध्या अंशाच्या आत फरक आला तर लाईन कोरडी आहे. चार-पाच अंश आला तर फोम नसल्यातच जमा.

हे माप वैशाखात एकदा आणि आषाढात एकदा घ्या. दोन्ही सारखी आली तर प्रश्न नाही. वैशाखात अर्धा आणि आषाढात तीन अंश आला तर कवचात पाणी आहे: उभ्या नळाचं टोपण काढून सुकी काठी खाली घाला, ओली किती येते पाहा. काठी नुसती चार बोटं ओली आली तर पाणी तोंडाकडून आलेलं असतं, हातपंपाने उपसून बूट बदला. काठी दर दोन दिवसांनी पुन्हा ओली येत असेल तर सांधा फुटला आहे. पाणी कोमट असेल तर मात्र ते पावसाचं नाही, आतला नळच गळतो आहे. न्हाणीकडचे सगळे नळ बंद ठेवून टाकीची पातळी उतरते का पाहा. अशा वेळी चर खणायची गरज नाही. दोन्ही टोकं सोडून, जुन्या नळाला दोरी बांधून तो बाहेर ओढा, आणि त्याच दोरीने नवा आत घाला. फोम वाळला तरी पुन्हा वापरू नका, त्याच्या जोडांना परत गोंद धरत नाही.