शर्यतीची होडी घेण्याआधी तिचा क्लास तपासा

नवी होडी निवडताना सगळे आधी वेग विचारतात. पण क्लास, म्हणजे एकाच नियमावलीने बनलेल्या होड्यांचा गट, वाढतो तो सुरुवातीच्या रेषेवर किती होड्या उभ्या राहतात यावर. वेगवान पण एकटी होडी हँडिकॅपच्या, म्हणजे वेगवेगळ्या होड्यांच्या वेळा जुळवण्याच्या, हिशोबातच अडकते. म्हणून जाऊन-येऊन जमेल अशा अंतरावरच्या शर्यतींचे मागच्या तीन वर्षांचे निकाल काढा. नोंदणीचा आकडा सोडा, शर्यत पूर्ण केलेल्या होड्या मोजा. मग मधल्या क्रमांकांवरची नावं बघा. तीच माणसं दरवर्षी दिसली तर क्लास जिवंत आहे. वरचे तिघे कायम आणि खालचे सतत बदलत असतील, तर नवखे येऊन कंटाळून जातायत.

पुढे अंगाचं वजन. लेझर (आताची आयएलसीए) ही एकट्याने चालवायची होडी पसरण्याचं मोठं कारण हेच. 4.2 मीटरचा हल, म्हणजे होडीचं धड, एकच, शिडं तीन: 4.7, 5.76 आणि 7.06 चौरस मीटर. शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा बदलला की हलका मुलगा आणि ऐंशी किलोचा माणूस त्याच हलवर शर्यत खेळतात. शिवाय जोडीदार लागत नाही. दोघांच्या होडीत एकजण आजारी पडला की दुसराही किनाऱ्यावर बसतो.

नियमावली जरूर वाचा, कंटाळवाणी असली तरी. ‘जे लिहून परवानगी दिलेलं नाही ते बंद’ अशी असेल तर दहा वर्षं जुनी होडीही स्पर्धेत राहते. फक्त कमाल मापं दिलेली असतील तर दर हंगामाला नवा आकार येतो आणि तुमच्या होडीची किंमत उतरते. सुटे भाग कोण बनवतं तेही विचारा. एकच उत्पादक असला की होड्या एकसारख्या राहतात, पण वाद झाला की सगळा क्लास अडकतो. 2019 मध्ये ट्रेडमार्कच्या भांडणातूनच लेझरचं नाव बदललं.

जुनी लेझर घेताना डोलकाठी बसते त्या नळीत काठोकाठ पाणी भरा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर तळाचा सांधा गळतोय. जोराच्या वाऱ्यात डेक, म्हणजे होडीचा वरचा पृष्ठभाग, तिथेच फाटतो. नळीभोवतीचा डेक अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागला तर सोडून द्या. हल तोलून घ्या: सुमारे 59 किलो अपेक्षित आहे, पाच-सहा किलो जास्त भरला तर पाणी मुरलेलं असणार.

ऑलिम्पिकच्या शिक्क्याला मात्र भुलू नका. फिन ही होडी 1952 ते 2020 ऑलिम्पिकमध्ये होती, मग वगळली गेली. 1931 ची स्नाइप ही होडी तिथे कधीच नव्हती, तरी आजही तिच्या जागतिक स्पर्धा होतात. शिक्का असला की व्यावसायिक येतात, शिडं लवकर बदलावी लागतात आणि क्लबातले हौशी मागे पडतात. असा क्लास घ्यायचाच असेल तर सरावाला जुनं शीड वापरा आणि नवं मोठ्या स्पर्धेपुरतं गुंडाळून ठेवा. घडी घालू नका, घडीची रेघ कापडात कायमची बसते.