बोर्ड फ्रेममध्ये का बसत नाही? प्रिंटला फाईल देताना या चुका टाळा

‘साईज बरोबर आहे, डायरेक्ट प्रिंटला घ्या’ असा मेसेज आला की ती फाईल मी हमखास मोजून बघतो. लोअर परळच्या गाळ्यात प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधी फाईल तपासायला, बसणाऱ्या कुणालाही विचारा: डिझायनरच्या स्क्रीनवर दिसणारी साईज आणि एक्स्पोर्ट होऊन आलेल्या पीडीएफची साईज वेगळी निघू शकते. मशीन पीडीएफचं ऐकतं.

सगळ्यात महागात पडते ती फूट-इंचाची चूक. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईत दुकानांवर मराठी पाट्या लावायची धावपळ चालली होती. सुप्रीम कोर्टाने दिलेली दोन महिन्यांची मुदत संपत आली होती, २८ तारखेपासून महापालिका कारवाई सुरू करणार होती आणि दादरपासून बोरिवलीपर्यंत ज्याला त्याला बोर्ड आजच हवा होता. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालणार नव्हती, त्यामुळे जुन्या बोर्डावर एक पट्टी चिकटवून भागेना. अख्खा लेआउट नव्याने करावा लागे. अशाच एका दुकानाच्या फ्रेमचं माप फॅब्रिकेटरने चिठ्ठीवर लिहून दिलं: ८.१० बाय ३. त्याच्या लेखी आठ फूट दहा इंच. दुकानदाराच्या डिझायनर पोराने कोरलड्रॉमध्ये युनिट फूट ठेवलं आणि तोच आकडा टाईप केला. कोरलने इमानदारीत ८.१ फूट धरले, म्हणजे ९७.२ इंच. फ्रेम होती १०६ इंचांची. फ्लेक्स लावायला गेलेल्या माणसाचा शिडीवरून फोन: पाऊण फूट कमी पडतोय.

इथवर एकच फ्लेक्स फुकट गेला होता. पण पोराला धीर नाही. त्याने लेआउट कोपऱ्याला धरून ओढला आणि रुंदी १०६ वर आणली. रुंदीबरोबर उंचीही वाढली, ३६ ची ३९ इंचांवर गेली, तिकडे त्याने बघितलंच नाही. दुसरा फ्लेक्स रुंदीला चपखल बसला, पण खालची फोन नंबरची ओळ फ्रेमच्या मागे दुमडली गेली. तिसऱ्यांदा छापताना दुकानदार मलाच म्हणतो, ‘तुम्ही बघून का नाही छापलंत?’ अहो शेठ, तुमची फ्रेम मी कुठे बघितली होती?

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये फूट टाकायचेच नाहीत. बोर्ड असेल तर इंच, कागद असेल तर मिलिमीटर. सुतार आणि फॅब्रिकेटर सुतात माप सांगतात, तिथेही हाच घोळ होतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे ‘पाच इंच तीन सूत’ म्हणजे ५.३७५, ५.३ नाही. चिठ्ठीवरच्या टिंबावर विश्वास ठेवू नका. फोन करा आणि ‘एकूण इंच किती?’ एवढंच विचारा. नव्या मुलांना तीन तास इफेक्ट टाकायला चालतं, एक फोन करायचा म्हटला की जिवावर येतं.

मोठ्या कामात स्केलची भानगड असते. इलस्ट्रेटर या डिझाईन सॉफ्टवेअरचा नेहमीचा आर्टबोर्ड, म्हणजे कामाचं पान, २२७.५ इंचांपर्यंतच जातो आणि पीडीएफच्या पानाची जुनी मर्यादा २०० इंच, म्हणजे १६ फूट ८ इंच. मंडळाच्या कमानीसाठी २० फुटी फ्लेक्स हवा असेल तर फाईल एकास दहा करा: २४० इंचांच्या जागी २४. हे फाईलच्या नावातच लिहा, मेसेजमध्ये नको. मेसेज फोनमध्येच राहतो आणि फाईल पेनड्राइव्हवरून मशीनवाल्याकडे जाते. रिझोल्यूशनही दहापट लागतं. पूर्ण साईजला इंचाला ७२ पिक्सेल पुरत असतील तर छोट्या फाईलमध्ये ७२० हवेत. इलस्ट्रेटरमध्ये हल्ली मोठा कॅनव्हास मिळतो, पण तशी फाईल दुसरीकडे उघडल्यावर कधीकधी दहाव्या हिश्श्याएवढी दिसते. मी अजून एकास दहाच वापरतो.

ब्लीडबद्दल, म्हणजे कटिंगसाठी कडेबाहेर सोडायच्या जादा छपाईबद्दल, बोलायचा मला कंटाळा आलाय. ३.५ बाय २ इंचांचं कार्ड म्हणजे ८८.९ बाय ५०.८ मिलिमीटर, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर धरले की ९४.९ बाय ५६.८. यासाठी फक्त बॅकग्राउंड बाहेर वाढवायचं असतं. अख्खं कार्ड मोठं करणारे रोज भेटतात, मग कटिंगमध्ये पत्त्याची शेवटची ओळ उडते.

‘लेबल बॉक्सवर धरून बघितलं, लहान येतंय’ ही तक्रार आली की मी प्रूफ, म्हणजे तपासायची प्रिंट, कुठे काढलं ते विचारतो. बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात, ‘फिट’ किंवा ‘श्रिंक’ वर टिक ठेवून. प्रिंटर कडेचा मार्जिन सोडायला ए४ चं पान थोडं आक्रसतो. ‘ॲक्च्युअल साईज’ निवडा, तक्रार तिथेच संपते.

ॲक्रेलिकच्या नेमप्लेटसाठी इलस्ट्रेटरमधून एसव्हीजी फाईल काढून इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की १२ इंचांची पाटी ९ इंचांची होते. इलस्ट्रेटर इंचाला ७२ पिक्सेल धरतो, इंकस्केप २०१७ पासून ९६. लेझरला देण्याआधी रुंदी पुन्हा टाका.

इन्स्टाग्रामची १०८० पिक्सेलची पोस्ट ३०० डीपीआयला ३.६ इंचच भरते. तिचं पोस्टर मागू नका. व्हॉट्सॲपवर फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. मराठी फॉन्ट कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकारच करून टाका, नाहीतर आमच्याकडे फॉन्ट बदलतो आणि ओळीची लांबीही.

एक्स्पोर्ट झाल्यावर पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये परत उघडा आणि कंट्रोल-डी दाबून पानाचं माप वाचा. क्रॉप मार्क, म्हणजे कटिंगच्या खुणा, लावल्या असतील तर पान मोठं दिसणारच, त्याने गोंधळू नका. त्यासाठी माझी एक जुनी सवय आहे: कटिंगच्या बाहेर, मार्कांच्या शेजारी, बरोबर १०० मिलिमीटरची एक बारीक रेघ ठेवायची आणि तिच्याखाली ‘१०० मिमी’ लिहायचं. फाईल एकास दहा असेल तर छापून रेघ एक मीटर भरणार, मग तिच्याखाली तसंच लिहायचं. फाईल कितीही हातांतून फिरून येऊ दे, पहिल्या प्रूफवर स्टीलची पट्टी ठेवली की रेघ ९७ भरते की १०० ते लगेच कळतं. ९७ भरली तर कुणी ‘फिट’ दाबलं ते शोधायचं. ७५ भरली तर घोळ एसव्हीजीचा.