छोट्या फोर बाय फोरच्या डिकीतलं किचन, आधी उंची मोजा मग प्लाय आणा

फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, आणि डिकीतलं किचन म्हणजे ट्रिपमध्ये स्वयंपाक करायला तिच्या मागे बसवलेला ड्रॉवरवाला प्लायचा बॉक्स. गाडी सपाट जागेवर उभी करा, डिकी उघडा आणि जमिनीपासून डिकीच्या तळापर्यंत टेप लावा. हा एक आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कोणी मोजत नाही. समजा ७० सेंमी आला. घरातला ओटा साधारण ८५ ते ९० सेंमीचा असतो, म्हणजे तुमच्या हातात फक्त १५-२० सेंमी उरले. आता ३५ सेंमी उंच बॉक्स करून त्याच्या डोक्यावर स्टोव्ह ठेवला तर बर्नर जातो ११५ सेंमीवर, वर भांडं, म्हणजे आत काय शिजतंय ते बघायला टाचा उंच करायच्या आणि उकळतं पाणी छातीच्या उंचीवर. माझा पहिला बॉक्स असाच होता, दोन ट्रिपनंतर मोडला.

म्हणून स्टोव्ह वर नाही, सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरच्या कडा बुटक्या, ७-८ सेंमीच्या, स्टोव्ह कायम त्यातच बसलेला. बाहेर ओढला की बर्नर ८० ते ८५ सेंमीवर येतो आणि हात घरच्यासारखे चालतात. स्टोव्हच्या वरच्या कप्प्यात भांडी, शेजारच्या उंच कप्प्यात खाण्याचं सामान. बॉक्सचं वरचं झाकण म्हणजे मोकळी जागा, ताटं वाट्या ठेवायला आणि चिरायला.

प्लाय आणायच्या आधी जाड पुठ्ठ्याचा बॉक्सच्याच मापाचा डबा करा आणि तो गाडीत ठेवून एक अख्खं जेवण केल्याचं नाटक करा, खरंच करा, काडेपेटी कुठे, झाकण काढलं की ठेवायचं कुठे, उष्टी भांडी कुठे जातात. पुठ्ठा कापायला काही लागत नाही, प्लाय चुकला तर चुकलाच. दाराकडेही तेव्हाच बघून घ्या. दार बाजूला उघडत असेल तर स्टोव्ह दारापासून लांबच्या बाजूला हवा, वर उघडत असेल तर उघडलेलं दार बरोबर स्टोव्हच्या डोक्यावर येतं का ते बघा, वाफ आणि ज्वाळा दोन्ही वरच जातात.

आता मापं. माझा आत्ताचा बॉक्स ८० सेंमी रुंद, ४५ खोल आणि ३५ उंच आहे. तुमचं माप दोन्ही व्हील आर्चच्या (डिकीत चाकांवर येणाऱ्या फुगवट्यांच्या) मधल्या जागेवरून ठरेल, आणि मोजताना सगळ्यात अरुंद ठिकाणी मोजा. बाहेरचा सांगाडा १२ मिमी प्लायचा, ड्रॉवर ९ मिमीचे. १२ मिमीचा चांगला प्लाय साधारण ८ किलो भरतो एका चौरस मीटरला, त्यामुळे ड्रॉवर धरून बॉक्स १६-१७ किलोत आटोपतो. १८ मिमीमध्ये तोच बॉक्स माझ्याकडे रिकामाच २६ किलोचा झालेला. छोट्या गाडीत हे ९-१० किलो म्हणजे तुमचं १० लिटर पाणी आहे.

ड्रॉवरला टेलिस्कोपिक चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या एकात एक जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या) लावा, पूर्ण बाहेर येणारे, ४०० मिमीचे, जोडीला ४५ किलो झेपतील असे. या चॅनलला दोन्ही बाजूंना १२.७ मिमी जागा लागते, म्हणजे ड्रॉवरची बाहेरची रुंदी कप्प्याच्या आतल्या रुंदीपेक्षा २५.४ मिमी कमी. इथे २ मिमी जरी इकडेतिकडे झाले तरी ड्रॉवर अडकतो नाहीतर खडखडतो. ८० सेंमीतून तीन उभ्या फळ्यांचे ३६ मिमी गेले की ७६४ उरतात, ते मी ४३० आणि ३३४ असे वाटले, मोठ्यात ४०४ मिमीचा ड्रॉवर बसतो आणि त्यात ३४ सेंमी रुंद स्टोव्ह आरामात मावतो. समान वाटणी केली असती तर स्टोव्ह बसला नसता.

जोडताना प्रत्येक कोपरा गुण्याने (काटकोन बघायच्या पट्टीने) तपासा, गम आणि स्क्रू दोन्ही वापरा, स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडा नाहीतर प्लाय फाटतो. पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निशचे दोन-तीन हात, कडांना एक हात जास्त, कारण पाणी कडेतूनच आत शिरतं.

चॅनलच्या स्वतःच्या अडकीवर विसंबू नका. खडबडीत रस्त्यावर ती सुटते आणि ड्रॉवर मागच्या दारावर आपटत राहतो. प्रत्येक ड्रॉवरला बाहेरून कडी हवीच. आणि स्टोव्हच्या ड्रॉवरला तो पूर्ण बाहेर असतानाही लॉक हवा, चॅनलशेजारी भोक पाडून आरपार एक पिन घातली तरी चालते. गाडी जरा पुढे कलती असेल तर पेटलेला स्टोव्ह उकळत्या भांड्यासकट आत सरकू शकतो.

बॉक्स गाडीला बांधणं हा भाग मात्र कृपया उरकू नका. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर साधारण २० पट जोर येतो, म्हणजे ३० किलोचा भरलेला बॉक्स ६०० किलोसारखा पुढे खेचला जातो, आणि पुढे तुमची पाठ आहे. बंजी कॉर्ड (ताणली जाणारी हुकवाली दोरी) नको. मागच्या सीटच्या किंवा सामान बांधायला कंपनीने दिलेल्या पॉइंटना ८ मिमीचे बोल्ट, मोठे वॉशर, लॉक नट. फरशीला नवीन भोक पाडू नका, खाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असू शकतात. गाडी वाकड्यातिकड्या जागेवर पिळली जाते, तेव्हा चारही कोपरे घट्ट आवळले तर बॉक्सही पिळतो आणि ड्रॉवर उघडत नाहीत, म्हणून बॉक्सखाली रबराचे जाड तुकडे घाला.

गॅस. ब्युटेन, म्हणजे छोट्या स्टोव्हच्या डब्यात असतो तो गॅस, उणे ०.५ अंशाला उकळतं, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीत साधा ब्युटेनचा डबा जवळपास मरतो, तिथे प्रोपेन मिसळलेला घ्या. ब्युटेन हवेपेक्षा जड, गळलं तर तळाशी साचतं, म्हणून डबे जिथे ठेवता त्या कप्प्याच्या तळाला दोन-चार भोकं पाडा. डबा ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नाही आणि उन्हात बंद गाडी तेवढी तापते, तेव्हा गाडी सोडून जाताना डबे सावलीत काढून ठेवा. वारा अडवायला स्टोव्हभोवती पत्रा पूर्ण गुंडाळू नका, डबा तापतो. आणि कितीही पाऊस असो, दारं लावून आत स्वयंपाक नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाण्याचा कॅन बॉक्समध्ये नको, पुढच्या सीटच्या मागे खाली बांधून ठेवा, वजन खाली आणि गाडीच्या मध्यावर राहतं. भांडी एकात एक बसणारी, मध्ये फडकं, नाहीतर खणखणाटाने डोकं उठतं.

सगळं भरून २० किलोमीटर खराब रस्त्यावर फिरवून आणा आणि परत आल्यावर प्रत्येक बोल्टला पाना लावा, पहिल्यांदा सगळेच थोडे सैल झालेले असतात.