सहकाऱ्याने लिहिलेला वाईट बातमीचा मेल तपासताना या चुका टाळा

ऑर्डर दोन आठवडे लांबणार आहे आणि ग्राहकाला ते कळवायचं आहे. सहकारी मसुदा पुढे करतो, "पाठवायच्या आधी जरा नजर टाक ना." आपण नजर टाकतो, दोन-चार शब्द बदलतो आणि 'बाकी ठीक' म्हणून परत देतो. वाईट बातमीच्या मेलला एवढं पुरत नाही.

शुद्धलेखनापासून सुरुवात

ऱ्हस्व-दीर्घ लगेच डोळ्यांत खुपतं, म्हणून खुणा आधी तिथेच पडतात. त्या शेवटी करा. आधी ग्राहकाच्या जागी बसून पूर्ण मेल वाचा आणि तीन गोष्टी शोधा: काय बिनसलंय, का बिनसलंय आणि आता त्याने काय करायचं. यातलं काहीही शोधायला दुसऱ्यांदा वाचावं लागलं, तर तुमचा पहिला अभिप्राय तोच.

बऱ्याचदा बातमी चौथ्या परिच्छेदात दडलेली असते. लिहिणाऱ्याला ती सांगणं जड जातं, मग आभार, जुने संबंध, कंपनीची बांधिलकी असा वळसा घेतला जातो. उमेदवाराला नकार कळवताना एखादी मऊ ओळ आणि कारण आधी आलं तर बरंच. पण माल उशिरा येणार किंवा सेवा बंद राहणार असेल, तर वाचणाऱ्याला लगेच हालचाल करायची असते. अशी बातमी विषयाच्या ओळीत आणि पहिल्या दोन वाक्यांत हवी. 'महत्त्वाची सूचना' एवढ्याच विषयाचा मेल कित्येक जण संध्याकाळपर्यंत उघडतही नाहीत.

मोघम बोलणं

"टोन जरा कडक वाटतो." यावर सहकारी काय बदलणार? वाक्यावर बोट ठेवा: "'अपरिहार्य कारणास्तव विलंब होत आहे' हे वाचून ग्राहक विचारेल, कारण कोणतं आणि माल कधी? 'सुटे भाग उशिरा आल्यामुळे माल 12 ऐवजी 26 तारखेला निघेल' असं लिहिता येईल का?" आणि शेवटचं 'आपले सहकार्य अपेक्षित आहे' काढायला सांगा. ज्याचं नुकसान होतंय, त्याच्याकडूनच अपेक्षा कसली ठेवायची?

माणसावर शेरा

"तू नेहमी तुटकच लिहितेस" म्हटलं की मेल बाजूला राहतो आणि सहकारी स्वतःचा बचाव करू लागते. 1996 मध्ये क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी अभिप्रायाच्या परिणामांची 607 मोजमापं एकत्र तपासली. सरासरी पाहता अभिप्रायाने काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ते उलट घसरलं होतं. लक्ष कामावरून स्वतःकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून "तू" ऐवजी "हे वाक्य", "ही ओळ" म्हणा.

कौतुकही तसंच नेमकं असू द्या. 'छान लिहिलंय, पण...' यातलं छान कुणाच्याच लक्षात राहत नाही.

सगळा मेल आपणच लिहून देणं

ही चूक माझ्या हातून झाली आहे. घाई होती, मी सहकाऱ्याचा मसुदा पुसून नवा लिहिला आणि त्यात 'झालेल्या गैरसोयीची भरपाई करू' असं एक वाक्य घातलं. मेल त्याच्या नावाने गेला. तासाभरात ग्राहकाचा फोन आला, भरपाई किती आणि कधी? सहकाऱ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते वाक्य त्याचं नव्हतंच. तशी मंजुरीही कुणाकडून घेतलेली नव्हती. तेव्हापासून मी मसुद्यात शब्द घालत नाही, समासात प्रश्न लिहितो: "इथे काय देऊ शकतो आपण? कुणाला विचारलंय?" आश्वासन, रक्कम आणि तारीख या तिन्हींवर मेल पाठवणाऱ्याची खात्री हवीच.

अभिप्राय ग्रुपवर टाकू नका. शेजारी बसून किंवा फोनवर बोला.

सूचना पटत नसेल तर

शब्दांवर वाद घालत बसू नका. विषय माहीत नसलेल्या तिसऱ्या कुणाला तरी मेल वाचायला द्या आणि फक्त विचारा, "यात काय सांगितलंय?" त्याच्या उत्तरावरून दोघांनाही कळेल, मेलमधली बातमी नीट पोचतेय की नाही.

मेल आधीच गेला असेल तर

तेव्हा भाषेवर बोलण्यात अर्थ नाही. तारीख, रक्कम किंवा कारण चुकलं असेल तर लगेच दुसरा छोटा मेल पाठवायला सांगा, त्यात फक्त दुरुस्ती. बाकीचं ग्राहकाचं उत्तर आल्यावर, ते उत्तर समोर ठेवून बोला. कुठल्या ओळीने त्याचा गैरसमज झाला, हे त्याच्याच शब्दांत दिसतं.