बांधाशेजारच्याची जमीन घेताय? आधी एवढं बघा

शेजारीच विकतोय, लहानपणापासूनची ओळख, म्हणून नुसत्या इसारपावतीवर किंवा बाँडवर (स्टॅम्प पेपरवर) पैसे देऊ नका, रजिस्ट्री झाल्याशिवाय जमीन तुमची होत नाही.

पहिलं, सातबारा, आठ अ (खातेउतारा) आणि जुने फेरफार (जमिनीवरची नावं कशी बदलली त्याच्या नोंदी) काढा. आपल्या मराठवाड्यात 1954-55 चं खासरा पत्रक पण तहसीलातून काढून बघा, कारण निजामाच्या काळातली इनाम जमीन किंवा कुळाची नोंद तिथंच सापडते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तर परवानगीचं विचारल्याशिवाय पुढं जाऊच नका. सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा (कर्ज) आहे का बघा, आणि वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्या घ्याच, भाऊ म्हणतो "त्या काय म्हणत नाहीत" पण 2005 पासून लेकीला लेकाएवढाच वाटा आहे अन् तो तिला मिळालाच पाहिजे.

मग सरकारी मोजणी, दोघांनी धुऱ्यावर उभं राहून. विहीर सामाईक असेल तर पाण्याची पाळी, वाट, झाडं, सगळं खरेदीखतात लिहून घ्या, भांडणं जमिनीपेक्षा ह्याच्यावरूनच जास्त होतात. पैसे बँकेतून द्या. रजिस्ट्रीनंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, नंतर नाव लागलेला सातबारा हातात घ्या.