विझलेल्या मनाने पुनरुत्थानाचा सण कसा पाळावा

वर्षभरात घरात एखादे निधन झालेले असते, नोकरी गेलेली असते, सख्ख्या भावाशी बोलणे बंद पडलेले असते, किंवा विशेष काही न घडताच प्रार्थनेला बसण्याची इच्छा हळूहळू आटून गेलेली असते. अशा अवस्थेत ईस्टर जवळ आला की ख्रिस्ती माणसाला आनंद होण्याऐवजी अवघडल्यासारखे होते. सगळी मंडळी ‘प्रभू उठला आहे’ असे म्हणत असते, आपल्या तोंडूनही ते शब्द निघतात, पण मन जागचे हलत नाही. पुढील मार्गदर्शन अशा माणसासाठी आहे, मग तो नाशिकमधील शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातला असो, की अनेक वर्षांनी पुन्हा चर्चची पायरी चढू पाहणारा असो. माझे म्हणणे इतकेच आहे की त्याने रविवारच्या आनंदापासून सुरुवात करू नये. शुभवर्तमानांत, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या येशूच्या चरित्रांत, पुनरुत्थानाची वार्ता ज्या क्रमाने पोहोचली त्याच क्रमाने त्याने चालावे, कारण ती वार्ता पहिल्यांदा ज्यांच्या कानी पडली ती माणसे रडत होती, घाबरलेली होती आणि दारे लावून बसलेली होती.

प्रथम तारीख पाहून ठेवावी. वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे चर्चच्या गणनेनुसार 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार हा ईस्टर होय. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल या काळात कधीही येतो, आणि आपल्याकडे कधी होळीच्या, तर बहुतेकदा हनुमान जयंतीच्या पौर्णिमेमागून येतो. त्याआधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि रविवार वगळून चाळीस दिवस चालतो. तो पाळता आला नसेल तर त्याची खंत करत बसू नये. झावळ्यांच्या रविवारपासूनचा, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारपासूनचा, एक आठवडा मनापासून पाळला तरी पुरेसा आहे. मात्र त्या आठवड्यासाठी कामावरची रजा आधीच मागून ठेवावी, निदान शुक्रवारची सुट्टी इतर कामांत जाऊ देऊ नये.

त्या आठवड्यात वाचन थोडेच ठेवावे. सोमवार ते बुधवार रोज संध्याकाळी मार्काच्या शुभवर्तमानाचे 14, 15 आणि 16 हे अध्याय क्रमाने, एका दिवशी एक, मोठ्याने वाचावेत. घरात कोणी ऐकणारे असेल तर फारच चांगले. मार्कच का, याचे कारण सांगतो. त्याचे कथन आखूड आणि रोखठोक आहे, आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच थांबते. स्त्रिया रिकामी कबर पाहून थरथर कापत पळून जातात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत, तेथेच कथन संपते. ज्याला आज आनंद वाटत नाही त्याने हे ठिकाण ओळखून ठेवावे. पुनरुत्थानाची सर्वांत जुनी लिखित कथा भयभीत माणसांपाशी येऊन थांबते, आणि तरीही पवित्र शास्त्राने तिला शुभवर्तमानच मानले आहे.

याच तीन दिवसांत एक वही घेऊन आपले दुःख देवाला उद्देशून लिहून काढावे. येथे पुष्कळांची अडचण होते, कारण देवाकडे तक्रार करणे म्हणजे अविश्वास, असे लहानपणापासून मनावर बिंबलेले असते. पवित्र शास्त्रातली स्तोत्रसंहिता वाचली तर ही समजूत टिकत नाही. बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ अशी आहे, आणि वधस्तंभावर येशूच्या मुखातून तीच ओळ निघाली. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखानेच संपते. शेवटी समाधानाचे एकही वाक्य जोडलेले नाही, आणि असे असूनही ते पिढ्यान्पिढ्या उपासनेत म्हटले गेले आहे. म्हणून लिहिताना शेवट गोड करण्याचा आग्रह धरू नये. जे गेले त्याचे नाव लिहावे, केव्हा गेले ते लिहावे, आणि देवाने कोणत्या वेळी ऐकले नाही असे वाटते तेही स्पष्ट लिहावे. ही वही कोणालाही दाखवण्याची आवश्यकता नाही.

आज्ञा गुरुवारी योहानाचा तेरावा अध्याय वाचावा. त्यात येशू शिष्यांचे पाय धुतो, आणि ज्यांचे पाय धुतो त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही असतो. त्या दिवशी करण्याजोगे काम एकच आहे, ते म्हणजे दुरावलेल्या एका माणसाला स्वतःहून फोन करणे. दीर्घ खुलासे करू नयेत आणि जुना हिशोबही काढू नये. ‘तुमची आठवण झाली, प्रकृती कशी आहे?’ एवढ्यावरही थांबता येते. समोरच्याने फोन ठेवून दिला तरी आपण केलेली कृती वाया जात नाही.

शुक्रवारी चर्चला जावे आणि पूर्ण वेळ बसावे. आपल्या अनेक मराठी मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन या वेळात वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते, आणि कॅथलिक चर्चमध्ये क्रूसाची वाट चौदा स्थानांवर थांबत केली जाते व दुपारी प्रभूच्या दुःखसहनाचा विधी होतो. शरणपूर रोडवरील सेंट अँड्र्यूज चर्च, त्र्यंबक नाक्याजवळील होली क्रॉस चर्च किंवा नाशिक रोड भागातील बाळ येशूचे देवस्थान यांपैकी जे जवळ असेल तेथील वेळा आधी विचारून घ्याव्यात. आपण दुसऱ्या पंथातले किंवा दुसऱ्या धर्मातले असाल तरी मागच्या बाकावर शांत बसण्यास कोणी हरकत घेत नाही. प्रभुभोजन किंवा मिस्सातील प्रसाद घेण्याचे नियम मात्र पंथानुसार वेगळे आहेत, त्याविषयी पाळकांना किंवा फादरांना विचारावे. मधुमेह असणाऱ्यांनी आणि औषधे चालू असणाऱ्यांनी कडक उपवास करू नये. नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी न पिता तीन तास बसणे ही कोणाच्याही श्रद्धेची कसोटी नव्हे.

शनिवार हा या आठवड्यातला सर्वांत दुर्लक्षित दिवस आहे, आणि माझ्या मते निराश माणसाला सर्वांत जवळचा दिवसही तोच आहे. येशू कबरेत आहे, शब्बाथ, म्हणजे यहूद्यांचा विश्रांतीचा दिवस, असल्यामुळे शिष्यांना काही करता येत नाही, आणि उद्या काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही. आपण मात्र या दिवशी केक, रंगवलेली अंडी आणि नवे कपडे यांच्या खरेदीत असतो, आणि त्यामुळे पवित्र शास्त्रातली सर्वांत लांब प्रतीक्षा आपल्या हातून निसटते. खरेदी आदल्या आठवड्यात उरकून शनिवार मोकळा ठेवावा. स्त्रियांनी काय केले ते पाहा. त्यांना पुनरुत्थानाची मुळीच अपेक्षा नव्हती. अरिमथाईकर योसेफाने देह कोठे ठेवला ते त्यांनी पाहून ठेवले, शब्बाथ संपताच सुगंधद्रव्ये घेतली आणि मृताची जी सेवा राहून गेली होती ती करण्यासाठी त्या पहाटे निघाल्या. त्यांच्यापाशी आशा नव्हती, कर्तव्य तेवढे होते, आणि रिकामी कबर त्यांना त्या कर्तव्याच्या वाटेवर दिसली.

असे वागलेल्या एका माणसाचा आपल्या नाशिकशी थेट संबंध आहे, हे आपल्याच लोकांना फारसे ठाऊक नसते. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शरणपूर वसवले, तेव्हा अरबी समुद्रातील गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तेथे राहून शिकली. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक होता. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी मरण पावले, तेव्हा जेकब त्यांच्या तुकडीत होता. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले, जेकबने झाडावर नाव आणि तारीख कोरली, आणि उन्हात वाळवलेला देह त्या सर्वांनी महिनोन्महिने पायी वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झाले, त्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला हा तरुण होता. ज्याचे बालपण हिरावून घेतले गेले होते त्याने दुसऱ्याच्या देहाची इतकी काळजी घेतली. तेव्हा शनिवारी असेच एखादे राहून गेलेले काम करावे: कबरस्तानात जाऊन आपल्या माणसाची कबर झाडून स्वच्छ करावी, यंदा ज्यांच्या घरी निधन झाले त्यांच्याकडे जेवणाचा डबा न्यावा, किंवा रुग्णालयात एकट्या पडलेल्या ओळखीच्या माणसाजवळ तासभर बसावे.

रविवारी पहाटेच्या उपासनेला जावे, अथवा कॅथलिक असल्यास शनिवारी रात्रीच्या जागरणविधीला, कारण त्यात नव्या अग्नीवरून मोठी मेणबत्ती पेटवून अंधाऱ्या चर्चमध्ये आणतात आणि बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण करतात. काही मंडळ्यांत पहाटेची उपासना कबरस्तानातच होते. ज्याने नुकतेच कोणाला गमावले आहे त्याने तिला आवर्जून जावे. आणि आनंद झाला नाही तर? तर योहानाचा विसावा अध्याय उघडावा. मग्दालीया मरीयेला समोर उभा असलेला येशू ओळखू आला नाही, तिला तो माळी वाटला. थोमाने इतरांच्या साक्षीवर विश्वास ठेवण्यास नकार दिला आणि आठ दिवस तो तसाच राहिला. तरीही सोबत्यांनी त्याला घराबाहेर काढले नाही आणि तोही त्यांना सोडून गेला नाही. मत्तयाने तर गालीलातील डोंगरावर येशू प्रत्यक्ष दिसत असतानाही कित्येकांना संशय वाटला, असे सरळ नोंदवून ठेवले आहे. पौल करिंथकरांस लिहिताना पाचशेहून अधिक बंधूंनी येशूला एकाच वेळी पाहिल्याचे सांगतो आणि त्यांपैकी बहुतेक अजून हयात आहेत असेही म्हणतो. विश्वासाला अशा साक्षीचा आधार आहे, आपल्या रविवारच्या मनःस्थितीचा नव्हे. आपल्याच जिल्ह्यातल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घ्या. पती ख्रिस्ती झाल्यानंतर अनेक वर्षांच्या ताटातुटीतून आणि घालमेलीतून गेल्यावरच त्यांनी स्वतः तो मार्ग पत्करला, आणि तो उशीर त्यांच्या विश्वासाला उणेपणा आणणारा ठरला नाही.

खरे काम यानंतर सुरू होते. ईस्टर हा पन्नास दिवसांचा काळ आहे. चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण, येतो. बहुतेक जण मात्र सोमवारी सकाळी सण आवरून टाकतात. याच दिवसांत दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबागांत खरड छाटणी चालते. हंगाम संपलेला असतो, वेल एका डोळ्यावर, म्हणजे काडीवरच्या एकाच कळीपर्यंत, छाटून उघडी-बोडकी केलेली असते, आणि पाहणाऱ्याला बाग मेली की काय असे वाटावे. पण या छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांतच पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपाने तयार होतो. तो डोळ्यांना दिसायला ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचे दिवस उजाडावे लागतात. आपल्या अटकेच्या रात्री येशूने शिष्यांना द्राक्षवेलाचा दृष्टांत सांगितला, आणि बाप फळ देणाऱ्या फाट्यालाही अधिक फळ यावे म्हणून छाटतो, असे म्हटले. नाशिकच्या माणसाने योहानाचा पंधरावा अध्याय एप्रिलमध्ये एखाद्या बागेच्या बांधावर बसून वाचावा. फाट्याने त्या काळात वेलाला धरून राहावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे.

धरून राहायचे कसे, ते लूकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. दोघे जण यरुशलेम सोडून अम्माऊसकडे चालले आहेत आणि भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगत आहेत की आम्हांला येशूविषयी आशा होती. तो अनोळखी माणूस येशूच असतो; तो त्यांच्याबरोबर चालतो, त्यांना बोलू देतो, शास्त्र उलगडून सांगतो, आणि भाकर मोडताना ओळखू येतो. या पन्नास दिवसांत म्हणून आठवड्यातून एकदा विश्वासातल्या एका सोबत्याबरोबर गंगापूर रोडला किंवा आपल्या वसाहतीतल्या मैदानावर फेरफटका मारावा, त्याच्याशी वहीतले थोडेसे बोलावे, एक उतारा मिळून वाचावा आणि एकत्र जेवावे. सोबती निवडताना मात्र काळजी घ्यावी. जो लगेच उपदेश सुरू करतो, किंवा तुमच्या दुःखामागे तुमचे कोणते पाप आहे ते शोधू लागतो, तो या कामाचा नव्हे. रविवारचे प्रभुभोजन चुकवू नये.

येथे एक गोष्ट गांभीर्याने सांगणे भाग आहे. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ती केवळ आध्यात्मिक कोरड नसते, तो आजार असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे, आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करावा. तेथे मराठीतून बोलता येते. प्रार्थनेने बरे व्हाल, गोळ्या बंद करा, असे सांगणाऱ्याचे कोणीही असो, ऐकू नये. लूक स्वतः वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

पेंटेकॉस्टच्या रविवारी उपासनेनंतर पाळकांना किंवा फादरांना भेटून वर्षभरासाठी एक नेमके काम मागून घ्यावे: संडे स्कूलचा एक वर्ग, आजाऱ्यांच्या घरी महिन्यातून दोन भेटी, किंवा नव्याने शोकात पडलेल्या एखाद्या कुटुंबाची सोबत. मन पूर्ण सावरण्याची वाट पाहत हे लांबणीवर टाकू नये. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारल्यावरही तिबिर्य समुद्राच्या काठी येशूने त्याला आधी भाजलेली मासळी आणि भाकर खाऊ घातली, प्रीतीविषयी तीनदा विचारले, आणि त्याच बैठकीत मेंढरे त्याच्या स्वाधीन केली.