पाण्याचे सगळे चॅप्टर एकत्र: परीक्षेआधी पुस्तक मिटून काय काय यायला हवं

सहावी ते आठवीच्या पुस्तकांत पाणी हा विषय इतक्या ठिकाणी विखुरलाय की मुलं एकातलं दुसऱ्याला जोडतच नाहीत. महासागरांचं महत्त्व सहावीत, भरती-ओहोटी सातवीत, सागरतळ आणि सागरी प्रवाह आठवीत, परिसंस्था तर विज्ञानाच्या पुस्तकात, आणि जलचक्र त्याच्याही आधी कधीतरी झालेलं. त्यामुळे खालची तयारी पुस्तकाच्या क्रमाने नाहीये, मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांची ज्या क्रमाने घेते तशी आहे. टिक कधी करायची याचा नियम एकच, कोरा कागद, पेन्सिल, पुस्तक मिटलेलं, मुलाने आकृती काढायची आणि काढता काढता कारण तोंडाने सांगायचं, तेवढं झालं तर टिक. "हे येतं मला" म्हणाला म्हणून टिक नाही. वाचताना सगळ्यांनाच सगळं येत असतं.

पहिलं म्हणजे पाणी आहे किती. पृथ्वीचा साधारण ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे हे पाठ असतंच, पण पुढचं घसरतं. एक लिटरची बाटली भरा आणि जगातलं सगळं पाणी हेच असं समजा, त्यातलं ९७० मिली खारं, उरलं ३० मिली, आणि त्या तिसातलं सुद्धा वीसच्या आसपास बर्फात अडकलेलं आणि नऊ-एक मिली जमिनीखाली. नद्या, तलाव, धरणं वगैरे जे काही आपल्याला डोळ्यांनी दिसतं ते ड्रॉपरमधले काही थेंब. हे एकदा खरंच ओतून दाखवा, कारण "गोडं पाणी ३ टक्के" एवढं लिहून थांबणारी मुलं पुढच्या प्रश्नाला नद्यांमध्येच सगळं गोडं पाणी आहे असं ठोकून देतात. याच्या जोडीला जलचक्राची आकृती, बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी हे तीन बाण सगळे काढतात, मी बघते ते झाडांतून होणारं बाष्पोत्सर्जन आणि जमिनीत मुरणारं पाणी यांचे बाण आहेत का. नसतील तर अर्धीच टिक.

मग पाण्याचे दोन गुण, त्यावर बाकी बरंच काही उभं आहे. एक, पाणी तापायला वेळ घेतं आणि थंड व्हायलाही वेळ घेतं, तेवढ्याच वजनाच्या वाळूला जितकी उष्णता लागते त्याच्या जवळपास पाचपट पाण्याला लागते. यातून खारे वारे, मतलई वारे आपोआप येतात, दिवसा जमीन आधी तापते, तिथली हवा वर जाते, समुद्रावरचा वारा आत येतो तो खारा, रात्री उलटं. बाण कुठल्या दिशेला हे पाठ करायला लावू नका, कोण आधी तापलं एवढंच विचारा, दिशा मूल स्वतः सांगतं. आणि यातूनच नागपूर-रत्नागिरीचाही प्रश्न सुटतो, नागपुरात मे महिन्यात पारा ४५ कडे जातो आणि जानेवारीत कडाका, रत्नागिरीत घाम वर्षभर पण ही दोन टोकं नाहीत. दुसरा गुण म्हणजे ४ अंश सेल्सिअसला पाणी सगळ्यात जड असतं, त्याखाली गेलं की परत प्रसरण पावतं, म्हणून बर्फ तरंगतो, म्हणून तलाव वरून गोठतो आणि खाली मासे जिवंत राहतात. "म्हणून" असं तीनदा म्हणता आलं पाहिजे.

क्षारता. सरासरी ३५ दर हजारी, म्हणजे हजार ग्रॅम समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, त्यातलं तीन चतुर्थांशापेक्षा जास्त आपलं साधं मीठ. घरी करून बघायचं असेल तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ टाका, झाला तुमचा अरबी समुद्र, त्यात ताजं अंडं सोडा, ते बुडेल. मुलांना वाटतं खारट पाणी म्हणजे तरंगणारच. आता चमच्यामागून चमचा मीठ वाढवत न्या, बराच पुढे गेल्यावर अंडं वर येतं, आणि मग मृत समुद्राची क्षारता तीनशेच्या वर आहे म्हणजे काय ते समजतं, तिथे जॉर्डन नदी आत येते पण बाहेर वाट नाही, पाणी उडून जातं, क्षार राहतात. (अंडं घरात चालत नसेल तर बटाट्याची फोड घ्या.) यावर हमखास विचारावा असा प्रश्न: अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा जास्त खारट का? बाष्पीभवन एवढंच लिहिलं तर अर्धं उत्तर. नकाशा काढायला लावा, गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, इरावती कुठे जातात, आणि गंमत म्हणजे आपली त्र्यंबकेश्वरची गोदावरी आणि महाबळेश्वरची कृष्णा सुद्धा सह्याद्रीवरून समुद्र तितका जवळ असून पाठ फिरवून पूर्वेलाच जातात. एवढं गोडं पाणी तिकडे ओतल्यावर दुसरं काय होणार.

आता सगळ्यात मोठा घोळ, आणि दोन दिवस राखून ठेवायचे असतील तर ते इथे ठेवा. समुद्राचं पाणी हलतं तीन प्रकारे, लाटा, भरती-ओहोटी आणि प्रवाह, आणि मुलं या तिघांची कारणं एकमेकांना लावतात, चंद्रामुळे लाटा, वाऱ्यामुळे भरती असं काहीही. कागदाचे तीन भाग करा आणि प्रत्येकावर कोण ढकलतंय ते आधी लिहून घ्या. लाटा मुख्यतः वाऱ्याने, पाणी जागच्या जागी गोल फिरतं आणि पुढे जाते ती ऊर्जा, पाण्यावरचं बुच वरखाली होतं पण लाटेबरोबर किनाऱ्याला येत नाही, शीर्ष (लाटेचा माथा) आणि द्रोणी (दोन लाटांमधला खळगा) दाखवा आणि पुढे चला. फक्त त्सुनामी वेगळी काढा, ती वाऱ्याची पण नाही आणि चंद्राची पण नाही, समुद्रतळ हलल्याची आहे, २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळच्या भूकंपाने आली ती तामिळनाडू, अंदमानपर्यंत पोचली.

भरती-ओहोटीला मात्र वेळ द्या. चंद्राच्या बाजूला पाणी फुगतं हे पटतं, विरुद्ध बाजूला का फुगतं तिथे गाडी अडते, पुस्तकात केंद्रोत्सारी बलाचं कारण दिलंय तेवढं लिहू द्या पण आकृतीत फुगवटे दोन हवेतच, नाहीतर दिवसात दोन भरत्या का येतात ते सांगताच येणार नाही. दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं, म्हणजे रोज भरती साधारण ५० मिनिटं उशिरा, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारेपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. आणि इथे कोकणातला हिशोब शिकवाच, तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून तिथी परत एकपासून मोजायची. हे घड्याळ नाहीये, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतंच, आणि हे आपल्या किनाऱ्यापुरतं, पण घरात कालनिर्णय टांगलेलं असतंच, आजची तिथी बघून मुलाला वेळ काढू द्या आणि मग मोबाईलवर मुंबईच्या भरतीची वेळ ताडून बघा. जवळपास जुळली की चेहरा बघण्यासारखा असतो. पाऊणपटच का, तर एका तिथीमागे पाऊण तास, आणि तो रोजचा उशीरच की!

उधाणाची (सगळ्यात मोठी) आणि भांगाची (सगळ्यात लहान) भरती यात अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत, अष्टमीला काटकोनात, ह्या दोन आकृत्या डोळे मिटून यायला हव्यात. सूर्य एवढा मोठा असून त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून कमी कसा, हा हुशार मुलांसाठीचा प्रश्न, उत्तर अंतरात आहे. आणि मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पेपरात का छापतात ते विचारा, जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नाल्यांचं पाणी समुद्रात जायला जागाच नसते. पाच मार्कांचं उत्तर यातनं निघतं.

प्रवाहांत नावांची यादी लांबलचक आहे, सगळी नकोत. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारा उष्ण, ध्रुवाकडून येणारा शीत, हा नियम आणि त्याची तीन उदाहरणं बास. गल्फ स्ट्रीमचं पाणी पुढे सरकत नॉर्वेपर्यंत जातं म्हणून तिथली बंदरं हिवाळ्यात उघडी, लॅब्राडॉर प्रवाह थंड, दोघे न्यूफाउंडलंडजवळ भेटतात तिथे धुकं आणि मासेच मासे, पेरूचा थंड प्रवाह आणि शेजारी अटाकामाचं वाळवंट. हिंदी महासागराचं वेगळेपण म्हणजे उत्तरेकडचे प्रवाह मान्सूनबरोबर दिशा बदलतात, हे एक वाक्य सोडू नका.

सागरतळ पटकन होतो. किनाऱ्यापासून आत जात समुद्रबूड जमीन, खंडान्त उतार, सागरी मैदान, मग डोह आणि गर्ता (तळावरचे खोल खड्डे), अशी एक बाजूने कापलेली आकृती. समुद्रबूड जमीन उथळ, साधारण २०० मीटरपर्यंत, मासेमारीही तिथेच आणि १९७४ ला तेल सापडलेलं बॉम्बे हायही तिथेच. मारियाना गर्तेची खोली जवळजवळ ११ किलोमीटर, एव्हरेस्ट आत ठेवला तरी वर दोन किलोमीटर पाणी उरेल.

२०० मीटर हा आकडा परत लागतो म्हणून लक्षात ठेवायला सोपा, प्रकाशसंश्लेषणापुरता उजेड साधारण तिथपर्यंतच, हजार मीटरच्या खाली तर काळोखच. मग अन्नसाखळी: वनस्पती प्लवंग (प्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव), प्राणी प्लवंग, मांदेलीसारखा छोटा मासा, सुरमई, आपण. प्रत्येक पायरीला ऊर्जेचा साधारण दहावा भाग पुढे जातो, म्हणजे एक किलो सुरमईमागे दहा किलो छोटे मासे, शंभर किलो प्राणी प्लवंग आणि हजार किलो वनस्पती प्लवंग. विघटक, म्हणजे मेलेलं कुजवणारे जिवाणू वगैरे, काढायला सगळी विसरतात, तेवढं बघा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद का, तर हा बऱ्याच माशांचा अंडी घालायचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला, दोन्ही कारणं लिहायला सांगा.

परिसंस्थांना पाठांतरापेक्षा जवळची उदाहरणं चांगली. खाडीत गोडं आणि खारं पाणी मिसळतं, दर भरतीला खारटपणा बदलतो, तिथे टिकायला काहीतरी युक्ती लागते. तिवराचं पान तोडून चाटलं तर खारट लागतं, कारण नको असलेलं मीठ ते पानातून बाहेर टाकतं, आणि चिखलात ऑक्सिजन कमी म्हणून श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. तिथे येणारे फ्लेमिंगो गुलाबी का याचं उत्तर त्यांच्या खाण्यात आहे. प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नाही, त्याच्यात राहणारं शैवाल त्याला अन्न देतं, पाणी जास्त तापलं की ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात, आपल्याकडे मालवणला प्रवाळ आहेत. लोणारचं सरोवर मात्र समुद्राशी संबंध नसताना खारं आणि अल्कधर्मी, उल्का आदळून झालेलं, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

आणि जलपर्णी. हा प्रश्न मी मुद्दाम फसवायला विचारते: हिरवीगार वनस्पती पाण्यावर पसरली तर ऑक्सिजन वाढेल की कमी होईल? बहुतेक सगळी वाढेल म्हणतात. पानं पाण्याच्या वर आहेत, त्यांचा ऑक्सिजन हवेत जातो, खाली उजेड बंद म्हणून पाण्यातलं शैवाल थांबतं, आणि ती जलपर्णी मेली की तिला कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन पण वापरतात. सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटमुळे ती इतकी माजते, इथपर्यंत साखळी उलटी आणता आली तर पूर्ण टिक. वर अजून एक जोडा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणजे उन्हाळ्यात हे आणखी वाईट.

आदल्या संध्याकाळी नवीन काही घेऊ नका. जगाचा कोरा नकाशा, पाच महासागर, वरचे तीन प्रवाह उष्णला लाल आणि शीतला निळा रंग, भारताच्या कोऱ्या नकाशात पूर्वेला जाणाऱ्या नद्या, आणि अर्धी टिक राहिलेल्या आकृत्या फक्त. सगळ्या उपसमुद्रांची यादी घोकत बसला असेल तर वही काढून घ्या, त्यापेक्षा लाट, भरती, प्रवाह यांना कोण ढकलतं ते जेवताना परत एकदा विचारा.